दुपारी राब पेटवू नकोस

कळंबोली
चैत्र अखेर

चि. बाळास,


काल नेऱ्याचा दूधवाला जे सांगून गेला, त्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भर दुपारी तू एकट्याने भाताच्या रोपांसाठीचा राब पेटवलास म्हणे. वारा सुटला, ठिणग्या पेंढ्याच्या उडवीकडे उडायला लागल्या आणि तू ओल्या गोणपाटाने जाळ झोडपत धावत होतास. शेजारची पोरं आली म्हणून निभावलं. खरं आहे का हे? वहिनीला फोन केला तर म्हणते, "काही नाही झालं." दादाच्या आजारपणातही ती असंच म्हणायची.

राबाची वेळ तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे? दादा पहाटे वारा पडलेला बघूनच काडी लावायचा. दुपारी खाडीवरचा वारा चढतो, तो थेट डोंगरापर्यंत जातो. आधी भोवतालचा पातेरा झाडून जमीन मोकळी करायची. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्यांची कवळ, मग सुकं गवत आणि वर बारीक मातीचा थर. मातीने भडका दबतो, आच हळूहळू धुमसते आणि तणाचं बी जळून जातं. वारा जिकडे जातोय त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे जाळाला वाऱ्यावर चालून जावं लागतं, पळता येत नाही. जवळ भरलेले हंडे आणि सोबत दुसरं माणूस हवंच. आणि राब नको वाटला, तर नको भाजूस. कुजलेलं शेणखत घालून गादीवाफे कर. दापोलीचं कृषी विद्यापीठही तेच सांगतं, झाडांच्या फांद्याही वाचतात.

मला उडवीची नाही, तुझी धास्ती आहे. 16 एप्रिल 2023 ला इथे शेजारी, खारघरच्या मैदानात, कार्यक्रमाला आलेल्या 14 माणसांचा उष्माघाताने जीव गेला. ती माणसं नुसती उन्हात बसली होती. तू तर उन्हात उभा आणि समोर आग. चक्कर येऊन पडला असतास तर बघायला कोण होतं?

बाकीची कामंही सकाळी दहाच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावरच कर. उंदरांनी आणि खेकड्यांनी पोखरलेले बांध आत्ताच बुजव, पाऊस लागला की तिथूनच पाणी वाट काढतं. शेणखत खाचरात नेऊन टाक. बियाणाची घाई नाही, रोहिणी लागल्या की बघ. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओत. तरंगेल ते पोचट, काढून टाक. तळाचं चांगल्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकव.

म्हशीला दुपारी बाहेर बांधू नकोस. तिला घाम फारसा येत नाही, वर काळं कातडं, ऊन तिला सोसत नाही. दिवसातून दोनदा तरी अंगावर पाणी मार. आणि घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी टोचून घे. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मे महिना उजाडला की दवाखान्यात जा. घटसर्पात गळा सुजतो, घरघर लागते आणि जनावर एका दिवसातसुद्धा जातं. शेळ्यांना आंत्रविषाराची लस वेगळी असते, तीही विचार.

लहानपणी मला त्या राबाच्या धुराचा भारी राग यायचा. बाबा शेवटची धग विझेपर्यंत तिथेच बसायचे, मला हाक मारायचे, "ये गं, बस जरा." मी जात नसे. कधी एकदा लग्न होऊन मुंबईच्या अंगाला जाते असं झालं होतं. इथे आले तर खाडीकाठची खाचरं नवी मुंबईसाठी सिडकोकडे गेलेली. भात पिकायचं तिथे लोखंडाचा बाजार उभा राहिला. मग मात्र त्या धुराची आठवण काढून कितीदा रडले. बाबांना विचारायचं होतं असं खूप राहून गेलं. तेव्हा जमिनीचं मोल मला कळत नाही असं समजू नकोस. 1984 साली जमिनीसाठीच्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, त्यातूनच पुढे जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्यातल्याच एका भूखंडावरच्या घरात बसून मी हे लिहितेय. पण जमीन कितीही मोठी असली तरी ती तुझ्याहून मोठी नाही, बाळा.

रागावले, ते मनावर घेऊ नकोस. पहाट चुकली ती आळसाने नाही, हे कळतं मला. तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आलेला पोरगा दुपारी शेतात उभा राहतो, यात आळस कुठे आहे? दादा गेल्यावर त्या वयात घर अंगावर घेतलंस. गावातली कितीतरी शेतं भरावाखाली गेली, तू अजून भाताचं आवण लावतोस, याचा मला केवढा अभिमान आहे हे तुला कधी सांगितलंच नाही मी. पण रात्रपाळी झाल्यावर आधी झोप. काम एक दिवस मागे पडलं तर पडू दे.

उरलेला राब तसाच राहू दे. तुझ्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी येते, येताना तुला आवडते ती सुकट आणीन. पहाटे आपण दोघं मिळून पेटवू. मला धावायला जमणार नाही, पण पाण्याचा हंडा घेऊन बसेन. मग तू घरी जाऊन झोप, धग विझेपर्यंत मी थांबते. आणि हात भाजलाय का ते खरं सांग. वहिनीकडून नको, तू स्वतः फोन कर.

तुझी,
आत्या