आवाज ठीक असला तरी इको करा: जयपूरमध्ये कुठे, कितीत

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप आला, गुडघा सुजला, तो उतरतो तोच घोटा धरला. डॉक्टर म्हणाले, ऱ्हुमॅटिक फीव्हर असेल, पण हृदयाचा आवाज ठीक आहे. तेवढ्यावर घरी जाऊ नका. हृदयाच्या झडपेची सूज कित्येकदा डॉक्टरांच्या नळीतून ऐकूच येत नाही, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते. म्हणूनच 2015 च्या सुधारित जोन्स निकषांनुसार संशय असलेल्या प्रत्येक मुलाचा डॉपलर इको (रक्ताचा प्रवाहही दाखवणारा) करायचा असतो.

जयपुरात आधी जवाहरलाल नेहरू मार्गावरचं जे. के. लोन गाठा, मुलांचं सरकारी रुग्णालय, एसएमएस मेडिकल कॉलेजला जोडलेलं. ओपीडी उन्हाळ्यात 8 ते 2, ऑक्टोबरपासून 9 ते 3. सोबत जन आधार (राजस्थानचं कुटुंब-ओळखपत्र), मुलाचं आधार, जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी. राजस्थानच्या रहिवाशांना सरकारी रुग्णालयात तपासण्या आणि औषधं मोफत. नुकतेच महाराष्ट्रातून बदलून आलात आणि जन आधार निघालं नसेल, तर पर्ची काढतानाच विचारा, पैसे किती पडतील. राज्याची आयुष्मान आरोग्य योजना भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे; खासगीत बाहेरच्या बाहेर केलेला इको त्यात धरू नका.

खासगीत इको साधारण दीड ते तीन हजार. एएसओ, सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्या आणि ईसीजी मिळून आणखी हजार-दीड हजार. इकोला वेळ अर्धा तास, उपाशी राहायला नको, सुई नाही. फोनवरच विचारा: कलर डॉपलर त्यातच की वेगळा? मुलांचा इको वाचणारे डॉक्टर आहेत का? डॉपलरविना झालेला स्वस्त इको पुन्हा करावा लागतो. ‘फुल बॉडी पॅकेज’ सरळ नाकारा. एएसओ वाढलं म्हणजे मागे घशाला जंतुसंसर्ग झाला होता, एवढंच. दर महिन्याला ते मोजत बसू नका.

इकोच्या रिपोर्टात झडपेची ‘ट्रिव्हियल’ (नगण्य) गळती दिसली तर घाबरू नका, निरोगी मुलांतही ती सापडते. गळतीचा झोत मिट्रल झडपेला किमान 2, एऑर्टिकला 1 सेंटीमीटर भरतो का, ते लिहून मागा. शंका उरली तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा इको.

मेडिकलवरून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी मात्र महागात पडते. सांधे शांत होतात, निदान लांबतं.

निदान पक्कं झालं, तर पुढचा खर्च खेपांचा. बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी. हृदयाला सूज येऊन गेली असेल तर 10 वर्षं किंवा वयाच्या 21व्या वर्षापर्यंत, जे लांब ते. झडप कायमची बिघडली तर त्याहून जास्त. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे निघण्याआधी इंजेक्शनची तारीख बघा, आणि इंजेक्शनचं कार्ड पिशवीत टाका.