आधी बाहेर पडा, मग रीसेट करा

व्हर्च्युअल मशीनच्या पोटात दुसरं व्हर्च्युअल मशीन चालवायचं, की तीन मजले होतात. तळाचा होस्ट एल-झिरो, त्यावरचा गेस्ट एल-वन आणि त्या गेस्टचा गेस्ट एल-टू. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरवर ही रचना तपासताना व्हर्च्युअल प्रोसेसरच्या (व्हीसीपीयूच्या) रीसेटनं मला शिकवलेल्या या गोष्टी.

१. रीसेट म्हणजे नेमकं काय झालं, ते आधी विचारा.
पूर्ण रीसेट झालेला एक्स-८६ प्रोसेसर ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून पुन्हा सुरुवात करतो. इनिट हा सिग्नल मात्र सौम्य. तो फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांना आणि टाइमस्टॅम्प काउंटरला हात लावत नाही. इनिट मिळालेला दुय्यम प्रोसेसर सिपी हा सुरू होण्याचा संदेश येईपर्यंत थांबून राहतो. केव्हीएममध्ये रीसेट आणि इनिट या दोन्हींसाठी फंक्शन एकच आहे, फरक फक्त एका पॅरामीटरचा. म्हणून नुसतं ‘रीसेट झाला’ हे वाक्य बग रिपोर्टमध्ये पुरत नाही.

२. रीसेट घडवायला ट्रिपल फॉल्टसारखा स्वस्त उपाय नाही.
एल-टूमध्ये इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबलाची लांबी शून्य करा आणि इंट-३ चालवा. हँडलर सापडत नाही, डबल फॉल्ट होतो. त्याचाही हँडलर नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट होऊन प्रोसेसर थेट शटडाउनमध्ये जातो. दोन ओळींचं काम.

३. इंटेलवर पास झालं म्हणून एएमडी गृहीत धरू नका.
इंटेलच्या व्हीएमएक्समध्ये ट्रिपल फॉल्ट झाला की एल-टूतून एल-वनकडे एक्झिट ठरलेलीच. एएमडीच्या एसव्हीएममध्ये शटडाउन अडवायचं की नाही, हे एल-वनच्या मर्जीवर. त्यानं अडवलं नाही, तर व्हीसीपीयू एल-टूत असतानाच त्याचा रीसेट होतो. खरी गंमत इथेच आहे.

४. आवराआवर झाल्याशिवाय पाटी पुसू नका.
पोटभाडेकरूचं सामान खोलीत तसंच ठेवून घरमालकानं वहीतलं फक्त नाव खोडावं, तसा हा प्रकार. ‘व्हीसीपीयू एल-टूच्या आत आहे’ ही नोंद पुसली जाते, पण एल-टूची अवस्था तशीच लोंबकळत राहते. २०२२मधल्या सीव्हीई-२०२२-३३४४ या सुरक्षा-त्रुटीचं मूळ इथेच होतं. एल-वननं मुद्दाम शटडाउन अडवलं नाही आणि एल-टूनं साथ दिली, तर होस्टचं कर्नल पॅनिक होऊ शकत होतं. दुरुस्तीचं सूत्र सरळ होतं : रीसेट करताना व्हीसीपीयू आत असेल, तर त्याला आधी सक्तीनं नेस्टेड मोडमधून, म्हणजे एल-टूतून, बाहेर काढायचं.

५. बघणारा वेगळा ठेवा.
रीसेट झालेला व्हीसीपीयू स्वतःची साक्ष देऊ शकत नाही. इनिटची टेस्ट करताना एल-वनला किमान दोन व्हीसीपीयू द्या. एकानं इनिट पाठवायचा, दुसऱ्यानं झेलायचा. मग व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या मॉनिटरवरून झेलणाऱ्याची रजिस्टरं पाहा. एएमडीवर ईएफईआर रजिस्टरमधला एसव्हीएमई, म्हणजे एसव्हीएम चालू करणारा बिट, शून्य झालेला दिसला पाहिजे.

६. एल-झिरो म्हणून कामाचं मशीन वापरू नका.
त्यासाठी वेगळं मशीन घ्या आणि सीरियल कन्सोल जोडा. होस्ट पडला, तर शेवटच्या ओळी डिस्कवर पोचतीलच असं नाही, पण तारेवरून बहुधा मिळतात.

७. निकाल कुठल्या मजल्यावर लावायचा, ते आधीच ठरवा.
एल-वननं शटडाउन मोकळं सोडलं असेल, तर त्याचं मरण हाच बरोबर निकाल, त्यावर बग नोंदवू नका. एल-वनची काहीही करणी असो, एल-झिरो मात्र उभा राहिलाच पाहिजे. तो डगमगला, तर तो नुसता बग नाही, सुरक्षेचं भगदाड आहे.