मातीचे ऋण

कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे प्रीतिसंगम होतो, त्या कऱ्हाड गावी टिळक हायस्कूल ही जुनी शाळा आहे. जवळच्या गोळेश्वर या खेड्यातील एक मुलगा १९४० ते १९४७ या काळात या शाळेत शिकला. तो बेताच्या उंचीचा होता; पण अंगाने चपळ व मनाने मोठा जिद्दी होता. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचे वडील स्वतः मल्ल होते. त्यामुळे कुस्तीचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. पोहणे, धावणे, मल्लखांब अशा अनेक खेळांत त्यांना गती होती. तथापि त्यांचे मन रमले ते तालमीच्या लाल मातीत. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चास साहाय्य केले. मातीत घडलेल्या या मल्लास तेथे गादीवर लढावे लागले. नियम निराळे, गुणांची पद्धतही निराळी. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनी हेलसिंकीस जाण्याची वेळ आली. तयारी पूर्ण होती. अडचण होती ती पैशांची. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली, पण तेवढ्याने भागेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या अंगच्या गुणांवर त्यांचा एवढा विश्वास होता!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरविले. जपानच्या इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली व तीत ते पराभूत झाले. अंगातील शीण उतरण्यापूर्वीच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. पण त्यांची बाजू मांडण्यास तेथे कोणीही भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. ती कुस्तीही त्यांनी गमावली. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागतास निघाली. परंतु त्या जयघोषात त्यांना गुरूंच्या घराचा विसर पडला नाही. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरविले आणि त्यांतून जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे ऋण फेडले. १९५५ साली ते पोलिस खात्यात रुजू झाले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले.

खो-खोच्या मैदानात संघाचे नऊ खेळाडू असतात, कबड्डीच्या मैदानात सात. कुस्तीत मल्ल एकटाच उतरतो. पण खाशाबांच्या पाठीशी शाळा होती, गाव होते आणि घर गहाण टाकणारे गुरू होते. एवढा मोठा संघ आपल्यामागे उभा आहे, याची जाणीव त्यांनी विजयानंतरही ठेवली.

स्वाध्याय
१. लंडन येथील स्पर्धेत खाशाबांना कोणती अडचण आली?
२. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण का टाकले?
३. खाशाबांनी गुरूंचे ऋण कसे फेडले?
४. तुमच्या शाळेच्या एखाद्या संघास कोणाकोणाचे साहाय्य होते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.