मागचे दार बंद करताना

बँकेच्या संकेतस्थळावर ग्राहकाने दिलेला परवलीचा शब्द सांकेतिक रूपात प्रवास करतो. हे सांकेतिकीकरण प्रत्येक प्रोग्रॅमर नव्याने लिहीत नाही. तो ‘ओपनएसएसएल’सारखी तयार लायब्ररी वापरतो. तिची ‘डीफॉल्ट’ मांडणी, म्हणजे काहीही न निवडता आपोआप लागू होणारी मांडणी, बहुधा तशीच ठेवली जाते. साहजिकच तिच्यातील दोष असंख्य ठिकाणी पोहोचतो.

१९९५ मधील ‘एसएसएल २’ ही पद्धत सदोष ठरली व २०११ मध्ये इंटरनेटच्या मानकांनी ती निषिद्ध केली. तरीही जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी ती अनेक सर्व्हरवर चालूच राहिली. १ मार्च २०१६ रोजी ‘ड्राउन’ हा हल्ला जाहीर झाला, तेव्हा या सोयीचे मोल कळले. ग्राहक नव्या पद्धतीने जोडलेला असला, तरी सर्व्हरची तीच खासगी किल्ली जुन्या पद्धतीसाठीही वापरात असल्यास टिपून ठेवलेले काही संवाद उलगडता येत होते. मागचे दार कोणी वापरत नाही, म्हणजे ते बंद आहे असे नव्हे.

त्याच दिवशी ओपनएसएसएलने ‘एसएसएल २’ व दुर्बल संकेतप्रकार डीफॉल्ट मांडणीतून वगळले. ऑगस्ट २०१६ च्या १.१.० आवृत्तीत ‘एसएसएल २’ समूळ काढून टाकले.

अशा बदलानंतर एखादे जुने यंत्र जोडले जात नाही, तक्रारी येतात आणि जुनी मांडणी पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरणेच हिताचे. नाकारलेली जोडणी तत्काळ लक्षात येते; दुर्बल जोडणी मात्र सुरळीत भासते आणि हानी झाल्यावरच उमगते.