उचल ते बचत : कर्जातून सुटण्याचा अभ्यास

वाचन : 2 राजे 4:1-7



या भागातील विधवेच्या दारात सावकार उभा आहे. कर्जापोटी तो तिची दोन मुले दास म्हणून नेणार आहे. अलीशा आधी तिला घरात काय आहे ते विचारतो. मग क्रम घालून देतो : तेल विकायचे, कर्ज फेडायचे आणि उरेल त्यावर घर चालवायचे.

आपल्या अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड भागातील कातकरी बांधवांना ही गोष्ट लगेच कळते. पावसाळ्यात हाताला काम नसते, म्हणून वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. आठवड्याची खर्चीही नावावर मांडली जाते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा कित्येकदा हाती फार थोडे येते किंवा उलट बाकीच निघते. मग पुढच्या हंगामाची मजुरी आधीच बांधली जाते आणि मुलांची शाळा सुटते.

डहाणू-तलासरीकडे पूर्वी लग्नासाठी कर्ज काढणारा वारली जमीनदाराचा 'लग्नगडी' होई. त्या वेठीविरुद्ध 1945 मध्ये वारली उठले. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापोटीचे कर्जही रद्द ठरले. उचलीच्या नावाखाली कोणी मजुराला अडकवून ठेवत असेल, तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

आता आपण काय करावे?

1. वही घाला. कोणाकडून, कधी, किती घेतले आणि किती फेडले, ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. खर्चीची नोंदही स्वतःजवळ ठेवा.

2. व्याज वर्षाचे मोजा. महिना शेकडा दहाने 5,000 रुपये घेतले, तर दरमहा 500 रुपये नुसते व्याज. दहा महिन्यांत 5,000 रुपये भरूनही मुद्दल जसेच्या तसे राहते. बचत गटात महिना शेकडा दोन असेल, तर तेच व्याज 100 रुपये होते.

3. जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडा. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चुकवू नका. एक कर्ज संपले की तोच हप्ता दुसऱ्या कर्जाला जोडा.

4. पावसाळ्याची वेगळी पुंजी करा. हंगामाच्या तीस आठवड्यांत आठवड्याला 100 रुपये गटात टाकले, तर 3,000 रुपये जमतात. तेवढी उचल कमी घ्यावी लागते.

5. लग्न, बारसे, मोबाइल यांसाठी कर्ज काढण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवा.

वहीने मजुरी वाढत नाही, हे खरे. पण हिशेब आपल्या हाती असला, की मालकासमोर बोलता येते. पगारदार घरांनाही हाच नियम लागू आहे. हप्त्यावरचा टीव्ही ही आपली उचलच आहे. विधवेला शेजाऱ्यांनी भांडी दिली होती, हेही विसरू नये. वाडीतील एका गटाला वही घालायला शिकवणे, हे आपले भांडे ठरू शकते.

चर्चेसाठी :
1. आपल्या घरावर आज एकूण किती कर्ज आहे? नवरा-बायको दोघांनाही तो आकडा माहीत आहे का?
2. या महिन्यात कोणता एक खर्च थांबवता येईल?
3. आपली मंडळी कोणत्या वाडीतील बचत गटाला हात देऊ शकेल?