तोळाभर सोने

प्रस्तावना

दसऱ्याच्या दिवशी आपट्याचे पान हाती देताना ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ असे म्हणण्याची प्रथा आहे. मंगळसूत्राच्या वाट्या, नथ, पाटल्या या रूपांत सोने घरोघरी वावरते. सराफाच्या पेढीवर त्याचा भाव सर्वच विचारतात. परंतु ते भूगर्भातून वर कसे येते आणि त्यासाठी कोणाला किती किंमत मोजावी लागते, याचा विचार क्वचितच होतो. कर्नाटकातील कोलारच्या खाणींच्या आधारे प्रस्तुत पाठात हा विचार मांडला आहे.

पाठ

बहुतेक धातू निसर्गात शुद्ध स्वरूपात आढळत नाहीत. लोखंड प्राणवायूशी संयोग पावून लालसर खनिजाच्या रूपात असते. सोन्यावर मात्र हवापाण्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच ते गंजत नाही आणि बहुधा धातुरूपातच सापडते. असे नैसर्गिक सोने हे स्वतःच एक खनिज होय. ते पाण्याच्या 19 पटींहून अधिक जड असून 1064 अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. ते इतके मऊ व तन्य आहे की, एका ग्रॅमपासून सुमारे दोन किलोमीटर लांबीची तार काढता येते. या मऊपणामुळेच दागिने घडवताना त्यात तांबे किंवा चांदी मिसळतात. 22 कॅरट सोन्याच्या 24 भागांपैकी 22 भाग शुद्ध सोने असते.

भूगर्भातील उष्ण पाणी खडकांच्या भेगांतून वाहताना सोन्याचे सूक्ष्म अंश व गारेचे द्रव्य बरोबर नेते. पाणी निवले किंवा त्यावरील दाब घटला, की ही द्रव्ये भेगांत साचतात आणि पांढऱ्या गारगोटीच्या शिरा तयार होतात. सोने या शिरांमध्ये दडलेले असते. पुष्कळदा त्याचे कण इतके बारीक असतात, की डोळ्यांना दिसतही नाहीत.

कोलारच्या परिसरात अशा शिरा होत्या. 1880 साली जॉन टेलर यांच्या ब्रिटिश कंपनीने तेथे आधुनिक पद्धतीने खाणकाम सुरू केले. 1902 साली शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून खाणींना वीज मिळू लागली. सोन्याच्या शिरेचा माग काढत खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या खोलीवर खडकाचे तापमान 60 अंशांच्या वर असे. वरच्या खडकांच्या प्रचंड दाबामुळे बोगद्याची भिंत एकाएकी फुटे व माणसे गाडली जात. खाणीत उतरणारे मजूर प्रामुख्याने तमिळ भाषिक, पोटासाठी गाव सोडून आलेले होते. गारेची बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत साचून अनेकांना फुप्फुसांचा असाध्य विकार जडला.

वर आणलेला खडक भरडून त्याचे पीठ केले जाई. ते सायनाइडच्या द्रावणात मिसळले, की सोने विरघळे आणि खडकाचा चुरा मागे राही. मग जस्ताच्या साहाय्याने द्रावणातून सोने वेगळे काढले जाई. एका टन खडकातून पाच ग्रॅम सोने मिळाले असे धरले, तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी दोन टन खडक फोडून, वर काढून दळावा लागतो.

सुमारे 120 वर्षांत कोलारने 800 टनांहून अधिक सोने दिले. 1956 साली या खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. पुढे खडकातील सोने कमी होत गेले, खर्च वाढला आणि 2001 साली खाणी बंद झाल्या. हजारो कामगारांचा रोजगार गेला. त्या वस्तीतील कितीतरी माणसे कामासाठी रेल्वेने बंगळुरूला जाऊ लागली. गावालगत खडकाच्या चुऱ्याचे करडे डोंगर मात्र उरले.

सोने नष्ट होत नाही. जुन्या दागिन्याची मोड वितळवून नवा दागिना घडवला, तर तेवढ्यासाठी नव्याने खडक फोडावा लागत नाही. लग्नसमारंभात सोन्याचा हव्यास धरताना त्या अंधाऱ्या बोगद्यातील माणसाचे स्मरण ठेवले, तर तोळाभर सोन्याचे खरे मोल उमगेल.

शब्दार्थ

तन्य – ताणून तार काढता येईल असा
मोड – वितळवण्यासाठी दिलेले जुने दागिने
हव्यास – अतिरिक्त लोभ
असाध्य – बरा न होणारा

स्वाध्याय

1. सोने निसर्गात बहुधा धातुरूपात का आढळते?
2. गारगोटीच्या शिरांमध्ये सोने कसे साचते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. कोलारच्या खाणकामगारांना कोणत्या संकटांना तोंड द्यावे लागे?
4. एका टन खडकातून चार ग्रॅम सोने मिळत असेल, तर दहा ग्रॅम सोन्यासाठी किती खडक लागेल?
5. ‘बावनकशी’ आणि ‘कसाला लागणे’ यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
6. तुमच्या परिसरातील एखाद्या कष्टाच्या व्यवसायाविषयी दहा ओळी लिहा.