संकेतस्थळाचें मोर्तब

दरवर्षीं दहावीचा निकाल व अकरावीचे प्रवेश यांचा हंगाम आला म्हणजे जळगांव-धुळ्याकडे घरोघरीं मोबाइल व संगणक यांभोंवतीं आईबापांची व मुलांची गर्दी होते. अशा ऐन घाईच्या वेळीं कित्येकांच्या पडद्यावर एकाएकीं तांबडा त्रिकोण उमटतो आणि ‘तुमचें कनेक्शन खाजगी नाहीं’ अशा अर्थाचें वाक्य दिसूं लागतें. कोणी भिऊन यंत्रच बंद करतात. कोणी, आणि यांचीच संख्या मोठी, बारीक अक्षरांतून ‘तरी पुढें जा’ ही वाट हुडकून काढतात. या दोन्ही रीति आम्हांस इष्ट वाटत नाहींत. तो त्रिकोण म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण नव्हे, अथवा चोर सांपडल्याचीही नव्हे. समोरच्या संकेतस्थळाची ओळख पटली नाहीं, एवढेंच ब्राउझर त्यानें कळवितो. ती कां पटली नाहीं हें आपण शोधावयाचें असतें, व तें बहुधा पांच मिनिटांचें काम असतें.

ओळख पटविण्याची युक्ति मुळींच नवी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले, व दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवें तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्या मंडळांत जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. जुन्या राजपत्रांवर धन्याची मुद्रा असे, आणि मजकूर संपला तेथें मोर्तब उठवीत, हेतु हा कीं मागाहून कोणीं त्यांत एक ओळही घुसडूं नये. संकेतस्थळाचें प्रमाणपत्र याच जातीचें आहे. त्यांत तीन गोष्टी मुख्य असतात: संकेतस्थळाचें नांव, प्रमाणपत्राची मुदत आणि तें देणाऱ्या संस्थेची सही. ही सही शाईची नसून गणिताची असते. प्रमाणपत्रांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. आतां कोणत्या संस्थांची सही मानावयाची याची यादी आपल्याच यंत्रांत आधींपासून ठेविलेली असते. विंडोजची यादी निराळी, अँड्रॉइडची निराळी. फायरफॉक्स तर आपली स्वतःची बाळगतो. नांव, मुदत व सही यांपैकीं एकही गोष्ट जुळली नाहीं कीं त्रिकोण पुढें येतो.

तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा: इशारा एकाच संकेतस्थळावर येतो कीं सगळ्यांवर? सगळ्यांवर येत असेल तर दोष आपल्या घरचा. एकावरच येत असेल तर तो बहुधा तिकडचा.

घरच्या दोषांत पहिला मान घड्याळाचा. संगणकाच्या पोटांत रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. दुकानांत ती सीआर २०३२ या नांवानें थोडक्या पैशांत मिळते. वीज नसतांना तारीख-वेळ चालू ठेवणें हें तिचें काम. उन्हाळ्याच्या सुटींत बंद राहिलेले शाळेचे संगणक जूनमध्यें सुरू केले म्हणजे त्यांतील एखादा स्वतःस दहा वर्षें मागें समजूं लागतो. त्याच्या हिशेबीं आजचें प्रमाणपत्र अद्यापि जन्मासच आलेलें नसतें, मग तो तें मानील कसा? अशा वेळीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहावी. दिवस व महिना बरोबर असून सालच चुकलेलें पुष्कळदां आढळतें. तारीख सुधारली कीं इशारा नाहींसा होतो. पुन्हां पुन्हां चुकूं लागली तर बॅटरी बदलावी. एवढ्याशा कारणानें नवा संगणक घ्यावा असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकूं नये.

घड्याळ बरोबर असूनही मुदत संपल्याचें दिसलें तर चालकानें प्रमाणपत्राचें नूतनीकरण केलें नाहीं असें समजावें. तराजू-वजनांवर सरकारी शिक्का ठराविक काळानें पुन्हां मारून घ्यावा लागतो, तसाच हा प्रकार. सप्टेंबर २०२० पासून ही मुदत ३९८ दिवसांहून अधिक नसावी असें ठरलें. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणावी, असा ठराव ब्राउझरकर्ते व प्रमाणपत्र देणारे यांच्या मंडळानें २०२५ सालीं केला. अशा ठिकाणीं आपल्या हातीं उपाय नसतो. थांबावें हेंच बरें.

नांव न जुळण्याचें एक साधें कारण रेल्वे स्थानकावरील फुकट वायफाय हें होय. तेथें आधीं मोबाइलचा नंबर देऊन प्रवेश घ्यावा लागतो. तो घेण्यापूर्वीं आपण दुसरें पान उघडूं लागलों, तर वायफायवाला मध्येंच आपलें पान पुढें करतो. ब्राउझरनें विचारलेलें नांव एक व उत्तर देणारा दुसरा, म्हणून तो अडतो. येथें प्रवेशाची रीत आधीं पुरी करावी.

आतां सहीविषयीं. जुन्या यंत्रांतील यादी जुनीच राहते, हा एक दोष. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हां जगभर कित्येक जुन्या यंत्रांवर चांगलीं संकेतस्थळेंही परकीं ठरलीं. यंत्र अद्ययावत करणें हा त्यास उपाय. विंडोज ७ सारख्या जुन्या प्रणालीवर स्वतःची यादी बाळगणारा फायरफॉक्स घालून पाहण्यासही हरकत नाहीं.

परंतु ज्या संस्थेवर डोळे मिटून विसंबावें तिचीच सही खोट्या कागदावर उठली तर? असें आपल्या देशांत घडलें आहे. २ जुलै २०१४ रोजीं गूगलच्या ध्यानांत आलें कीं आपल्या कित्येक नांवांचीं प्रमाणपत्रें आपणांस न विचारतां कोणी तरी दिलीं आहेत. तीं निघालीं होतीं नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यांचीं संकेतस्थळें जिच्या आधारानें चालतात त्याच सरकारी संस्थेकडून. तिला हा अधिकार कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज या कार्यालयाकडून मिळाला होता, व त्या कार्यालयाचें मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादींत होतें. त्यामुळें विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅमांस तीं खरींच वाटलीं असतीं. फायरफॉक्सच्या यादींत तें मूळ नव्हतें, म्हणून तो बचावला. ३ जुलैस नियंत्रकांनीं सेंटरचीं प्रमाणपत्रें रद्द केलीं. सेंटरच्या व्यवस्थेंत बाहेरून फट पडली व चार प्रमाणपत्रें खोटीं निघालीं, असें पुढें त्यांनीं कळविलें. गूगलला मात्र त्यांहून अधिक ठाऊक होतीं. मग गूगलनें ठरविलें कीं या मूळाची सही क्रोममध्यें गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन अशा मोजक्या नांवांपुरतीच मानावयाची. त्यापूर्वीं २०११ सालीं हॉलंडांतील डिजिनोटार या संस्थेंत चोर शिरले, पांचशेंहून अधिक खोटीं प्रमाणपत्रें निघालीं, इराणांतील लोकांवर पाळत ठेवण्यास त्यांचा उपयोग झाला, आणि संस्थेचें दिवाळें त्याच वर्षीं वाजलें. अशा अनुभवांवरून प्रत्येक नव्या प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहींत व्हावी अशी पद्धत पडली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांस क्रोमनें ती सक्तीची केली.

पालकांनीं एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. इशारा न येणें म्हणजे समोरचा मनुष्य सज्जन असणें नव्हे. प्रमाणपत्र नांवाची साक्ष देतें, शीलाची नव्हे. ठकानें सरकारी नांवासारखें दिसणारें नांव विकत घेतलें तर त्यासही निर्दोष प्रमाणपत्र मिळतें, आणि तेंही फुकट. कुलपाच्या चित्रानें लोक फसतात असें पाहून क्रोमनें २०२३ सालीं तें चित्रच काढून टाकलें. म्हणून पत्ता वाचतांना पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचाच भाग घ्यावा व तो उजवीकडून डावीकडे वाचावा. जळगांव जिल्ह्याच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा होतो. ही अक्षरें मध्येंच कोठें तरी असून शेवट निराळा असेल तर तें संकेतस्थळ सरकारी नव्हे.

‘तरी पुढें जा’ हें घरच्या वायफाय-पेटीचें स्वतःचें पान उघडतांना चालेल, कारण ती पेटी आपल्याच भिंतीवर टांगलेली असते. जेथें पासवर्ड, आधार क्रमांक किंवा फीचे पैसे द्यावयाचे तेथें तें कदापि करूं नये. कित्येक बँकांच्या पानांवर तर ब्राउझर ती वाट ठेवीतच नाहीं. निकाल पाहावयाचा असून मंडळाचें एक संकेतस्थळ अडलें, तर मंडळानें जाहीर केलेलें दुसरें उघडावें किंवा डिजिलॉकरमध्यें पाहावें. गुणपत्रिका पुढें शाळेंत मिळतेच.